लेडीज डब्यात रोज गेम खेळणाऱ्या बायकांना 'गेमर' का म्हणत नाहीत?

सकाळी बदलापूरहून सुटलेल्या लोकलच्या लेडीज डब्यात जरा नजर फिरवा. खिडकीजवळची बाई कॅन्डी क्रशच्या एका लेव्हलला अडकलेली असते. चौथ्या सीटवर कशीबशी टेकलेली दुसरी लुडो किंगवर बहिणीची सोंगटी मारत असते. कोपऱ्यातली कॉलेजची मुलगी हेडफोन लावून बीजीएमआयची एक मॅच उरकून घेते. अंबरनाथला गर्दी चढते, उल्हासनगरला आणखी चढते, तरी खेळ काही थांबत नाही. सीएसएमटी ६८ किलोमीटरवर आहे, तेवढा वेळ काढायचाच असतो.

आता यातल्या कुणालाही विचारा, तुम्ही गेमर आहात का? बहुतेक जणी हसतील आणि म्हणतील, छे हो, टाइमपास. हाच प्रश्न गेमिंग कॅफेत तासाचे पैसे भरून फुटबॉलचा गेम खेळणाऱ्या त्यांच्या भावाला विचारा. तो एका सेकंदात 'हो' म्हणेल. दोघंही स्क्रीनसमोर बसतात, दोघांचाही वेळ जातो, दोघांनाही हरल्यावर चिडायला होतं. मग एक गेमर आणि दुसरी टाइमपास, हे ठरवलं कुणी?

वरवर हा प्रश्न किरकोळ वाटतो. पण गेम बनवणारी कंपनी 'आपला गेम कोण खेळतं' याचं जे चित्र डोक्यात ठेवते, त्यावरच गेममधली बाई कशी दिसणार, कशी चालणार, काय घालणार हे ठरत आलंय. लारा क्रॉफ्टपासून पुण्यात बनलेल्या राजीपर्यंत.

टाइमपासची किंमत ५.९ अब्ज डॉलर

आधी पैशाचं बघू. कॅन्डी क्रश बनवणारी किंग ही कंपनी २०१६ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्डने ५.९ अब्ज डॉलरला विकत घेतली. 'कॉल ऑफ ड्यूटी'सारखे बंदुकांचे गेम काढणारी ही कंपनी. म्हणजे ज्या खेळाला आपण टाइमपास म्हणतो, त्याची किंमत बाजाराला व्यवस्थित कळलेली होती.

लुडो किंग तर आपल्या नवी मुंबईचा. विकाश जयस्वाल यांच्या गेमेशन टेक्नॉलॉजीज या कंपनीने तो २०१६ मध्ये आणला आणि २०२०च्या लॉकडाऊनमध्ये तो घराघरात पोचला. डाउनलोड १० कोटींच्या कधीच पुढे गेले. त्या दिवसांत लुडोचा डाव कुठल्या घरात पडला नाही, हे शोधावं लागेल. सासूबाईंपासून पाचवीतल्या मुलीपर्यंत सगळ्या खेळल्या.

अमेरिकेत गेम कंपन्यांची संघटना ईएसए दरवर्षी खेळणाऱ्यांची पाहणी करते. तिथे गेली अनेक वर्षं बायकांचा वाटा ४० टक्क्यांच्या वर आहे. पण हा आकडा निघाला की लगेच एक वाक्य मागून येतं: हो, पण त्या 'खरे' गेम खेळत नाहीत. मोबाईलवरचा, छोटा, जोडाजोडीचा खेळ म्हणजे 'कॅज्युअल'. कन्सोलवरचा, मारामारीचा, शंभर तासांचा खेळ म्हणजे 'हार्डकोअर'. आणि बायका ज्या यादीत जास्त दिसतात, ती यादी आपोआप खालच्या दर्जाची ठरते. स्वयंपाकाचं असंच झालंय की. घरात बाई करते ते काम, हॉटेलात पुरुष करतो ती कला.

बाईला मुख्य पात्र केलं, पण कुणासाठी?

गंमत म्हणजे सुरुवातीला कुणीतरी बायकांचा विचार केला होता. १९८०चा पॅक-मॅन. तो बनवणाऱ्या तोरू इवातानी यांनी नंतर अनेकदा सांगितलं की, तेव्हाचे जपानमधले आर्केड म्हणजे पुरुषांचे अड्डे होते आणि मुलींनीही तिथे यावं म्हणून त्यांनी गोळीबाराऐवजी खाण्यावर खेळ बेतला. दोन वर्षांनी अमेरिकेत मिस पॅक-मॅन आली. तोच पिवळा गोळा, वर लाल रिबन आणि ओठांना लिपस्टिक. बाई दाखवायची म्हणजे पुरुषाच्या चित्रावर मेकअप करायचा, ही सवय इथूनच दिसते.

१९८६ मध्ये निन्टेन्डोचा मेट्रॉइड आला. आख्खा गेम तुम्ही चिलखतातल्या एका योद्ध्याला खेळवता. इंग्रजी माहितीपुस्तिकेतही त्याचा उल्लेख 'तो' असाच होता. शेवटी कळतं की ती सॅमस नावाची बाई आहे. धक्का भारी होता. पण त्यातली मेख अशी की, गेम जितक्या लवकर संपवाल तितके तिच्या अंगावरचे कपडे कमी. लवकर जिंकणाऱ्याला बक्षीस काय, तर बिकिनीतली सॅमस. हे बक्षीस कुणाला डोळ्यासमोर ठेवून ठरवलं असेल, हे सांगायला नको.

मग १९९६ ला लारा क्रॉफ्ट. टूम रेडर. इंग्लंडमधल्या डर्बी गावातल्या कोअर डिझाइन कंपनीत टोबी गार्ड या डिझायनरने तिला घडवलं. हुशार, धीट, एकटी जगभर फिरणारी. १९९८चा तिसरा भाग तर सुरूच भारतातल्या जंगलात होतो. मुलींना हे पात्र आवडलं, कारण दुसरं होतंच काय? पण जाहिरातीत लाराची हुशारी कमी आणि अंग जास्त दिसलं. गार्डने १९९७ मध्ये कंपनी सोडली. आपल्या पात्राचं मार्केटिंगवाल्यांनी जे केलं, त्यावर तो खूश नव्हता.

२०१३ मध्ये लाराला नव्याने आणलं. कपडे अंगभर आले, शरीर माणसासारखं झालं, लेखनाची जबाबदारी रियाना प्रॅचेट या लेखिकेकडे होती. सगळं बदललं असं वाटत असतानाच, गेम यायच्या वर्षभर आधी, निर्माते रॉन रोझेनबर्ग एका मुलाखतीत बोलून गेले की, खेळणाऱ्याला लाराच्या जागी आपण आहोत असं वाटत नाही, तिला वाचवावंसं वाटतं. त्यावरून भरपूर गदारोळ झाला.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वात प्रामाणिक वाक्य हेच आहे. कारण त्यात गृहीत धरलेलं सगळं उघडं पडतं. पुरुष पात्र असलं की खेळणारा म्हणतो 'मी उडी मारली', 'मी मेलो'. बाई असली की तो तिच्या बाजूला उभा राहून तिला सांभाळतो, असं कंपनीला वाटत होतं. आणि रिमोट हातात घेतलेली व्यक्ती मुलगीच असेल तर? ही शक्यता त्या वाक्यात कुठेच नाही.

कंपन्यांचा आणखी एक लाडका दावा आहे, बाई मुख्य पात्र असेल तर गेम खपत नाही. २०१४ मध्ये युबिसॉफ्टच्या असॅसिन्स क्रीड युनिटी या गेममध्ये चार जणांनी मिळून खेळायची सोय होती आणि चारही पात्रं पुरुष. का, तर बाईचं पात्र घेतलं की हालचाली, आवाज, कपडे सगळं दुप्पट काम होतं, असं उत्तर मिळालं. त्याच मालिकेत आधी काम केलेल्या एका अ‍ॅनिमेटरनेच मग जाहीरपणे सांगितलं की हे एक-दोन दिवसांचं काम आहे. पुढे २०२० मध्ये ब्लूमबर्गच्या बातमीतून आणखी बाहेर आलं. २०१८च्या असॅसिन्स क्रीड ओडिसीमध्ये मूळ कल्पना एकट्या कसान्ड्राला नायिका करायची होती. पण एकट्या बाईच्या जिवावर गेम विकला जाणार नाही, असं वरून सांगण्यात आलं आणि तिच्या जोडीला अलेक्सिओस हा पुरुषाचा पर्याय आणला गेला. खोक्यावर फोटो त्याचाच.

मग खरंच खपत नाही का? होरायझन झीरो डॉन हा २०१७चा गेम घ्या. नायिका एलॉय, दुसरा पर्यायच नाही. २०२१ च्या शेवटापर्यंत त्याच्या २ कोटींहून जास्त प्रती गेल्या होत्या.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी. जिथे निवड करता येते तिथे बरेच जण पुरुषच निवडतात. मास इफेक्ट या मालिकेत शेपर्ड हा नायक स्त्री किंवा पुरुष ठेवता येतो. २०११ मध्ये कंपनीने सांगितलं की फक्त १८ टक्के लोक स्त्री शेपर्ड घेतात. पण तोपर्यंत एकाही खोक्यावर किंवा मोठ्या जाहिरातीत ती दिसलेलीच नव्हती. २०२१ ला नव्या आवृत्तीत तिला पुढे आणल्यावर हाच आकडा ३२ टक्क्यांवर गेला. दुकानात जी वस्तू मागच्या फळीला ठेवलीये, ती कमी खपते म्हणून तिच्यावर खापर कसं फोडायचं?

उल्हासनगरच्या पाटीवरचं आडनाव

हे झालं अमेरिका, जपान, युरोपचं. आपल्याकडची बाई या गेममध्ये आहे का? आहे, आणि तिचं आडनाव उल्हासनगरकरांना रोज दुकानांच्या पाट्यांवर दिसतं.

२०१६ मध्ये ओव्हरवॉच हा टीमने खेळायचा गेम आला. किंगला विकत घेणाऱ्या ब्लिझार्डवाल्यांचाच. त्यात सिमेट्रा नावाचं एक पात्र आहे. खरं नाव सत्या वासवानी. प्रकाशाला आकार देऊन भिंती, दारं, पूल उभे करणारी आर्किटेक्ट. तिला आवाज दिलाय अंजली भीमाणी या भारतीय वंशाच्या अमेरिकन अभिनेत्रीने.

वासवानी हे सिंधी आडनाव. फाळणीनंतर सिंधमधून आलेली हजारो कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये राहिली, ८ ऑगस्ट १९४९ ला त्या वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं आणि तिथले भाग आजही कॅम्प एक ते पाच या नावानेच ओळखले जातात. गेमची गोष्ट सांगते की सत्या ही हैदराबादच्या गरीब वस्तीतली मुलगी. भारतातलं हैदराबाद बरं का, सिंधमधलं नाही. गेम लिहिणाऱ्यांनी हा सगळा इतिहास डोक्यात ठेवून नाव निवडलं की यादीतून उचललं, हे बाजूला ठेवू. पण शून्यातून उभं राहणं आणि जिथे जागा मिळेल तिथे बांधकाम काढणं, हे वाचून उल्हासनगरचा माणूस गालातल्या गालात हसेल एवढं नक्की.

सत्याचं वेगळेपण आणखी एक. २०१७ मध्ये गेमच्या दिग्दर्शकांनी एका चाहत्याच्या पत्राला उत्तर देताना स्पष्ट केलं की ती ऑटिस्टिक आहे. एका भारतीय, ऑटिस्टिक बाईला लोक वाचवायला जात नाहीत, तिच्या जोरावर मॅच जिंकायचा प्रयत्न करतात. मात्र तिचा सुरुवातीचा पोशाख बघाल तर मांडीपर्यंत कापलेला ड्रेस आणि गुडघ्याच्या वर जाणारे बूट. आर्किटेक्ट साइटवर अशी जात नाही. तिच्या 'देवी' नावाच्या पोशाखावर अमेरिकेतल्या एका हिंदू नेत्याने आक्षेपही घेतला होता.

याच गेमच्या बाबतीत २०१६ मध्ये एक छोटी गोष्ट घडली. ट्रेसर या पात्राची जिंकल्यावर पाठमोरी उभी राहण्याची एक पोझ होती. एका खेळाडूने लिहिलं की, माझ्या मुलीला ट्रेसर आवडते कारण ती चपळ आणि धीट आहे, मग ही पोझ तिच्याबद्दल काय सांगते? कंपनीने ती पोझ काढून टाकली. इंटरनेटवर काहींनी त्यावरही बोंब ठोकली, ते असो. मुलगीही हा खेळ बघते आणि खेळते, हे कुणीतरी लिहून कळवल्यावर बदल झाला.

सह्याद्रीत फिरणारी क्लोई

२०१७ च्या ऑगस्टमध्ये अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी आला. यातल्या दोन्ही नायिका बायका. त्यातली क्लोई फ्रेझर अर्धी भारतीय, वडील भारतीय पुरातत्त्वज्ञ. आणि गेम घडतो पश्चिम घाटात! होयसळ राजांची हरवलेली राजधानी, गणपतीचा दात, पावसात भिजलेले कडे. आपण ज्याला सह्याद्री म्हणतो तीच डोंगररांग. फक्त गेमने बेलूर-हळेबिडू जंगलात पार गाडून टाकलंय, प्रत्यक्षात तिथे एसटी जाते. पडक्या मंदिरांचं एवढं आकर्षण असणाऱ्यांना कुणीतरी अंबरनाथला आणायला हवं होतं. तिथलं शिवमंदिर शिलाहारांच्या काळातलं, शिलालेखाप्रमाणे इ.स. १०६०चं, म्हणजे हळेबिडूच्या प्रसिद्ध मंदिराहून जुनं. वालधुनीच्या काठावर नायिकेला लपायला भरपूर जागा आहे.

क्लोई आणि तिची साथीदार नडीन भांडतात, एकमेकींवर संशय घेतात, चुकतात, जोक मारतात. त्यांच्याकडे गेम 'बायका' म्हणून बघत नाही. पण भारतातली ही गोष्ट शेवटी अमेरिकेत बसून लिहिलेली आहे आणि ते जाणवतं.

पुण्याची राजी

म्हणून राजी महत्त्वाची. राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड हे तिचे संस्थापक. छोटी टीम, खिशात पैसे नाहीत. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. गेम बंद पडायची वेळ आली तेव्हा श्रुती घोष यांनी स्वतःचा फ्लॅट विकला. आपल्याकडे फ्लॅट विकणं म्हणजे काय, हे हप्ते भरणाऱ्या प्रत्येकाला कळेल. पुढे एपिक गेम्सकडून अनुदान मिळालं, प्रकाशक मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये राजी निन्टेन्डो स्विचवर आली, ऑक्टोबरमध्ये पीसी आणि बाकी कन्सोलवर. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये सर्वोत्कृष्ट पदार्पणाच्या विभागात तिला नामांकन होतं.

गोष्ट अशी. राजी ही डोंबाऱ्याच्या खेळासारख्या कसरती करणारी मुलगी. राखीपौर्णिमेच्या उत्सवात असुरांची धाड पडते आणि ते मुलांना पळवून नेतात. त्यात तिचा धाकटा भाऊ गोलू. त्याला सोडवायला राजी निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते आणि सगळी कहाणी दुर्गा आणि विष्णू आपापसात बोलत सांगतात.

राखीचा दिवस निवडणं किती नेमकं आहे बघा. राखी बांधायची बहिणीने आणि रक्षण करायचं भावाने, हा आपला ठरलेला हिशोब. गेम त्यावर भाषण देत नाही, थेट उलटा करून टाकतो. भाऊ संकटात आहे आणि बहीण त्रिशूळ घेऊन निघालीये. शिवाय ती लढते कशी? ताकदीने नाही, अंगातल्या कसरतीने. भिंतीवर धावते, खांबाला गिरकी घेते, वरून उडी टाकते. तिचं शरीर दाखवण्यापुरतं नाहीये, तिला त्याचा उपयोग आहे. कपडे कसरत करता येईल असे. कॅमेरा लांबून आणि वरून, त्यामुळे तुम्हाला ती दिसते आणि तिच्याभोवतीचे राजस्थानी धाटणीचे वाडे, पहाडी चित्रांसारखे रंग दिसतात.

गेम निर्दोष नाही. पाच-सहा तासांत संपतो, मारामारी मधूनमधून अडखळते आणि शेवट तर अचानक दार लावून घेतल्यासारखा होतो. २०२२च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले. मराठी अजून नाही, आणि पुण्यातल्या गेमबाबत ही खंत वाटतेच.

तरीही लाराच्या वेळी जे झालं, ते इथे झालं नाही. कारण राजीला घडवणाऱ्यांमध्ये एक बाई पहिल्या दिवसापासून होती, आणि ती फक्त चित्र काढायला नव्हती, कंपनीची मालक होती.

मग आपल्याकडच्या मुलींची अडचण काय?

पहिली अडचण फोन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या साधारण ५४ टक्के बायकांकडेच स्वतः वापरायचा मोबाईल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. आता आकडे सुधारले असतील, पण घरातला चांगला फोन कुणाकडे आणि त्यात स्टोरेज कुणाच्या गेमसाठी, हे वाटप फारसं बदललेलं नाही. मुलगा खेळत असेल तर 'जेवायला ये रे'. मुलगी खेळत असेल तर 'ठेव तो मोबाईल, भाजी निवडून दे'.

दुसरी अडचण जागा. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात स्टेशनच्या आसपास गेमिंग पार्लरं निघालीत. संध्याकाळी डोकावून बघा, मुली किती दिसतात. बंदी कुणीच घातलेली नाही. पण गर्दी जमते ती रात्री आणि मुलीने घरी यायचं ते दिवेलागणीला.

तिसरी अडचण पालकांची भीती. 'गेम' म्हटलं की आईवडिलांना आधी पैसे बुडणं आठवतं. इथे एक फरक लक्षात ठेवा. ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला मात्र खेळ म्हणून मान्यता दिली. रमीचं अ‍ॅप आणि बीजीएमआयची टूर्नामेंट या एका पारड्यातल्या गोष्टी नाहीत. हे एवढं घरी समजावून सांगितलं तरी अर्धा वाद मिटतो.

आणि चौथी, सगळ्यात त्रासाची. माईक.

बीजीएमआयसारखे गेम चार जणांच्या टीमने खेळतात. शत्रू कुठून येतोय, औषध कुणाकडे आहे, हे बोलूनच कळतं. मुलीने माईक चालू केला की अनोळखी टीममध्ये पहिलं वाक्य ठरलेलं असतं, 'अरे, लडकी है!' त्यापुढे कधी नंबर मागणं, कधी उगाच गोड बोलणं, कधी थेट शिव्या आणि घाण. हरलो तर तिच्यामुळे, जिंकलो तर तिला 'कुणीतरी उचलून नेलं'. म्हणून अनेकजणी माईक बंद ठेवून खेळतात, नाव मुलाचं ठेवतात, किंवा फक्त मैत्रिणींच्या टीममध्येच खेळतात. न बोलता खेळलं की खेळ कमकुवत होतो आणि मग लोक म्हणतात, मुलींना जमत नाही.

त्रास देणारे असतात कोण, यावर २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हॅलो ३ या गेमच्या मॅच संशोधकांनी बाईच्या आणि पुरुषाच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजात खेळून बघितल्या. बाईच्या आवाजाला जास्त वाईट वागणूक देणारे कोण निघाले? ज्यांचा खेळ कच्चा होता ते पुरुष. चांगलं खेळणारे तुलनेने नीट वागले. पुढच्या वेळी कुणी माईकवर बरळला, तर त्याचा स्कोअर बघा.

नाव झालं तरी सुटका नाही

पायल धारे हे नाव तुम्ही ऐकलं असेलच, 'पायल गेमिंग'. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या उमरानाला गावची मुलगी. गेम खेळत खेळत यूट्यूबवर लाखो लोक जोडले. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी देशातल्या सात गेमरना भेटायला बोलावलं, त्यात ती एकटीच मुलगी होती. त्याच वर्षी तिला मोबाईल गेमिंगच्या मोबीज पुरस्कारांत वर्षातल्या सर्वोत्तम मोबाईल स्ट्रीमरचा मान मिळाला.

डिसेंबर २०२५ मध्ये तिच्या नावाने एक अश्लील व्हिडिओ फिरवला गेला. तिने तो आपला नसल्याचं जाहीर केलं आणि तक्रार केली. महाराष्ट्र सायबरने गुन्हा नोंदवला आणि व्हिडिओ डीपफेक असल्याचं स्पष्ट केलं. तोपर्यंत किती जणांनी तो 'लिंक दे ना' म्हणत मागितला होता, हे आपण सगळ्यांनी आपापल्या ग्रुपवर पाहिलंय. एखाद्या पुरुष गेमरची बदनामी करायची झाली तर म्हणतात की तो चीटिंग करतो. बाईची करायची झाली तर तिच्या खेळाचा विषयच निघत नाही.

तिच्यामागे वकील होते, टीम होती. बारावीतल्या मुलीच्या मागे ते नसतं. म्हणून हे माहीत असू द्या.

असं काही झालं तर

गेममध्येच आधी म्यूट, मग रिपोर्ट, मग ब्लॉक. पण ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट काढा, त्यात समोरच्याचा आयडी आणि वेळ दिसली पाहिजे. बोलणं घाणेरडं असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग करा. कुणी गेममधून इन्स्टाग्रामवर, तिथून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठलाग करत असेल, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. ऑनलाइन पाठलागही त्यात येतो. फोटो बदलून टाकले असतील तर मेसेज डिलीट करू नका, तोच पुरावा असतो.

तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर करता येते. महिला आणि मुलांच्या लैंगिक छळाशी संबंधित मजकुराची तक्रार तिथे नाव न देताही नोंदवता येते. फोनवर १९३० हा हेल्पलाइन नंबर आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर तिन्ही ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात, त्यामुळे जवळच्या पोलीस ठाण्यातही जाता येतं. ठाण्याला सायबर पोलिसांचं वेगळं ठाणं आहे, पण तक्रार द्यायला तिथपर्यंतच गेलं पाहिजे असं नाही. वय १८ च्या आत असेल तर घरातल्या एका मोठ्या माणसाला सोबत घ्या. आणि त्या मोठ्या माणसाने पहिला प्रश्न 'तू खेळतच कशाला होतीस' असा विचारला, तर हा लेख त्यालाही पाठवा.